ॲमेथिस्ट धुण्याआधी त्याच्यासोबत काय आहे ते बघा

प्रश्न असा आहे: अजिंठ्याच्या पायथ्याशी घेतलेला ॲमेथिस्टचा पोकळ गोटा (जिओड) आणि त्याच खड्याची चांदीची अंगठी घरी आहे. दोन्ही मिठाच्या पाण्यात बुडवून, मग उन्हात ठेवून शुद्ध करावीत असं कुणीतरी सांगितलं. गोट्यावर पिवळट-तपकिरी डाग आहेत आणि खिडकीत ठेवल्यापासून रंगही उतरल्यासारखा वाटतो. तर काय करावं?

आधी थोडक्यात. ऊन बंद करा, मीठ बंद करा, आणि गोटा पाण्यात घालण्याआधी भिंगाने नीट बघून घ्या. जांभळी गारगोटी, म्हणजे ॲमेथिस्ट, स्वतः बरीच दणकट असते. मोह्स मापावर तिची कठिणता 7, साबण-पाण्याने तिला काही होत नाही, घरातलं कुठलंही सौम्य आम्ल तिला खात नाही. धुताना बिघडतं ते तिच्यासोबतचं: शेजारचं कॅल्साइट (चुन्याचं मऊ खनिज), झिओलाइट या नाजूक खनिजांचे स्फटिक, खालचा ठिसूळ दगड, चिकटवलेला डिंक, मागचा रंग, अंगठीची चांदी. म्हणून "ॲमेथिस्ट कसा धुवायचा" याचं एकच उत्तर देता येत नाही. तुमच्या गोट्याची आणि तुमच्या अंगठीची पद्धत वेगवेगळी आहे.

रंग का उतरतो

हा प्रश्न आधी घेतो, कारण डाग नंतरही काढता येतो, गेलेला रंग घरच्या घरी परत आणता येत नाही. ॲमेथिस्ट म्हणजे सिलिका, आणि त्यात अगदी किंचित लोह. आजूबाजूच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने फार मोठ्या काळात त्या लोहाची अवस्था बदलते आणि त्यातून जांभळा रंग येतो. ही अवस्था कायमची पक्की नसते. उष्णता किंवा अतिनील किरण मिळाले की ती मोडते. 300-400 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की जांभळा रंग जाऊन पिवळा किंवा तपकिरी होतो. बाजारात सिट्रीन (पिवळी गारगोटी) म्हणून विकला जाणारा बराचसा माल हा असा भाजलेला ॲमेथिस्टच असतो.

ऊन एवढं तापवत नाही, पण त्यातले अतिनील किरण हेच काम हळूहळू करतात. किती वेगाने, ते खड्यावर अवलंबून. काही खडे वर्षानुवर्षं टिकतात, काही एका उन्हाळ्यात फिके पडतात, आणि तुमचा कुठल्या जातीचा ते बघून कळत नाही. दक्षिण किंवा पश्चिमेची खिडकी, गाडीचा डॅशबोर्ड, गच्चीचा कठडा या तिन्ही जागा वर्ज्य. गोटा आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा आणि दिवा लावायचाच असेल तर एलईडी लावा. हॅलोजनचा दिवा जवळून लावला तर उष्णतेने तडा जाण्याचीही भीती असते.

रंग खरंच उतरलाय की धुळीमुळे तसं वाटतंय, ते ठरवायचं असेल तर गोट्याचा उजेडाकडचा आणि सावलीतला भाग धुतल्यावर शेजारी धरून बघा. अशा गोट्यांत रंग बहुधा स्फटिकांच्या टोकाशी जास्त आणि बुडाशी कमी असतो, त्यामुळे टोकांची तुलना टोकांशीच करा.

भिंगाखाली काय बघायचं

महाराष्ट्रातला माल दख्खनच्या बेसाल्टमधून येतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपलं, आणि आधी कॅल्सिडोनीचा (अतिसूक्ष्म कणांच्या गारगोटीचा) थर, त्यावर गारगोटी, तिच्यावर अनेकदा कॅल्साइट आणि झिओलाइट असे स्फटिक वाढत गेले. ब्राझील-उरुग्वेच्या मोठ्या जांभळ्या गोट्यांपेक्षा आपल्याकडच्या नमुन्यांवर असे पाहुणे बरेच जास्त आढळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा फेरी मारली तर ही मंडळी ओळखायला डोळा तयार होतो.

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरेसं आहे. बघायचं ते असं. तिरक्या खोक्यासारखे किंवा दातासारखे टोकदार, दुधी किंवा मधाळ स्फटिक बहुधा कॅल्साइटचे. हे मऊ असतं, टाचणीने चरा उठतो. खात्री करायला मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. थेंब लगेच टिपून घ्या आणि ती जागा ओल्या कापसाने पुसा. फिकट गुलाबी-केशरी, मध्ये बांधलेल्या पेंढीसारखा दिसणारा तो स्टिल्बाइट. चौकोनी, पारदर्शक किंवा हिरवट, वरच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी झाक असणारा तो अपोफिलाइट. आणि पांढऱ्या कापसाचा गोळा चिकटल्यासारखं दिसलं तर तो ओकेनाइट.

ओकेनाइट असेल तर विषय तिथेच संपतो. त्या नमुन्याला पाणी लावायचं नाही, ब्रशही लावायचा नाही. ते तंतू ओले झाले की एकमेकांना चिकटून चपटे होतात आणि पुन्हा कधीच उभे राहत नाहीत. फक्त रबरी फुग्याने हवा मारायची. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो तो ब्लोअर उत्तम.

अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट साध्या पाण्याने थोडा वेळ धुतलेले चालतात, पण आम्ल, गरम पाणी आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांनी सफाई करणारं मशीन) यांना ते टिकत नाहीत. अपोफिलाइट तर पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो.

यानंतर गोटा उलटा करा. कडेला हिरवी, मातकट, नखाने खरवडली जाणारी कड दिसते का? ते सेलॅडोनाइट. पाण्यात भिजत ठेवलं तर ते भुगा होऊन सुटतं आणि त्यासोबत स्फटिकांचा आख्खा पापुद्राही निघू शकतो. मागची बाजू एकसारख्या राखाडी किंवा हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली असेल, बूड सिमेंटचं असेल, तर तो गोटा बुडवायचा नाही. चिकटवलेला भाग ओळखायला 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च कामाला येते: बरेच डिंक तिच्या उजेडात निळसर-पांढरे चमकतात. जोडाशी बारीक बुडबुडे किंवा चमकदार रेघ दिसली तरी तोच अर्थ. दोन-तीन सेकंद टॉर्च मारल्याने रंगाला काही होत नाही.

पर्यटनस्थळी विकल्या जाणाऱ्या मालात रंगवलेले गोटेही असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये (ॲसिटोनवाल्या) कापसाची काडी बुडवून एका कोपऱ्यात फिरवा. काडी जांभळी झाली तर रंग वरून दिलेला आहे. काडी कोरी निघाली म्हणून खडा अस्सल असं मात्र नाही, कारण काही रंग इतक्या सहज सुटत नाहीत. भिंगात भेगांमध्ये रंग गडद साचलेला आणि मधला भाग फिका दिसला तर तोही रंगवल्याचाच पुरावा. डिंकाच्या जागी ही परीक्षा करू नका, ॲसिटोनने जोड सुटतो. रंगवलेला गोटा फक्त कोरड्या ब्रशने झटकायचा.

धुण्याची पद्धत

आधी कोरडी सफाई. ही नीट केली तर पुढचं अर्धं काम वाचतं. ब्लोअरने आतून बाहेर हवा मारा, मग चित्रकलेचा मऊ, गोल, 6 किंवा 8 नंबरचा ब्रश टोकांकडून बुडाकडे फिरवा. दाबून घासू नका. धुळीत गारगोटीचेच कण असतात, तेवढेच कठीण. कोरड्या फडक्याने दाबून पुसलं की तेच कण गुळगुळीत पृष्ठावर बारीक चरे पाडतात. ॲमेथिस्टचे मणी काही वर्षांत निस्तेज दिसायला लागतात त्यामागे बऱ्याचदा हे कोरडं पुसणं असतं.

पाणी बोअरचं वापरू नका. त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके पडतात आणि स्फटिकांच्या खाचांतून ते काढणं कटकटीचं. आरओचं पाणी चालेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर 5 लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, ते सर्वांत चांगलं. फक्त कॅनवर डिस्टिल्ड लिहिलंय ना ते वाचा, कारण बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात असतं. पाणी हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच कोमट. एक लिटरला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. अंगाचा साबण नको, तो जड पाण्यात साका धरतो. भांड्याची वडी, रांगोळी, राख, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर यांतलं काहीच नको: गारगोटी कदाचित वाचेल, पण शेजारचं कॅल्साइट आणि अंगठीची चांदी वाचणार नाही.

प्लॅस्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल घाला. ॲमेथिस्टला पाटन नसतं, म्हणजे ठरावीक पातळीत तो फुटत नाही, पण आपटला की काचेसारखे शिंपल्याच्या आकाराचे टवके उडतात. नळाच्या तोटीवर टोक आपटणं हा नेहमीचा अपघात. म्हणून सिंकमध्ये धुऊच नका.

सुटे स्फटिक आणि निव्वळ गारगोटीचा गोटा 10-15 मिनिटं भिजवा. मऊ टूथब्रशने एकेका स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने घासा. खाचेत अडकलेली माती बांबूच्या टोकदार काडीने काढा. लोखंडी सुई, चाकू, तारेचा ब्रश वापरू नका. पोलाद गारगोटीपेक्षा मऊ असतं, त्यामुळे चरा पडत नाही, उलट धातूच गारगोटीवर घासला जाऊन करड्या रेघा उमटतात आणि त्या साबणाने जात नाहीत. माती घट्ट असेल तर ताकद लावू नका, रात्रभर साध्या पाण्यात राहू द्या. चिकणमाती फुगून आपोआप सैल होते.

मग दोन स्वच्छ पाण्यांतून काढा आणि शेवटचं पाणी डिस्टिल्डचं घ्या. सेलॅडोनाइटची कड, रंगवलेली पाठ किंवा सिमेंटचं बूड असेल तर भिजवण्याऐवजी स्प्रेच्या बाटलीने फक्त आतल्या स्फटिकांवर पाणी मारा, ब्रश फिरवा, पुन्हा मारा, आणि गोटा तोंड खाली करून लगेच निथळवा.

वाळवणं सावलीत, पंख्याखाली, तोंड खाली करून टॉवेलवर, किमान 24 तास. पावसाळ्यात दोन दिवस धरा. बेसाल्टची पाठ ओलीच कपाटात गेली तर आतलं लोह गंजून नवे तपकिरी डाग वर येऊ शकतात. ड्रायर फक्त थंड हवेवर.

पिवळे-तपकिरी डाग

हे लोहाचे ऑक्साइड. आधी ठरवा की डाग वर आहे की आत. स्फटिकाच्या पोटात सोनेरी-तपकिरी सुया किंवा लाल ठिपके दिसत असतील तर तो गोएथाइट किंवा हेमॅटाइट, स्फटिक वाढतानाच आत अडकलेला. तो निघत नाही आणि काढूही नये. संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

वरचा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो. मोझॅक आणि संगमरवरी फरशीच्या पॉलिशला वापरतात ती ही पांढरी पावडर, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हा उपाय फक्त अशा नमुन्यासाठी, ज्यात गारगोटी आणि कॅल्सिडोनीखेरीज काहीही नाही. कॅल्साइट असेल तर त्याच्यावर न विरघळणारा पांढरा थर बसतो, अपोफिलाइट आणि झिओलाइट खराब होतात. अशा नमुन्यावर डाग राहू द्या, तो सोबतच्या स्फटिकांच्या नुकसानापेक्षा परवडला.

ही पावडर विषारी आहे, पोटात गेली तर मूत्रपिंडांवर जाते. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, पावडर उडवू नका, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका, द्रावण तापवू नका. झाकणाची प्लॅस्टिकची बादली घ्या, बाल्कनीत सावलीत ठेवा आणि लहान मुलं, मांजर-कुत्री यांच्यापासून दूर. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 50 ग्रॅम पावडर लाकडी काडीने ढवळून विरघळवा. नळाचं पाणी इथे चालणारच नाही: त्यातल्या कॅल्शियमचं ऑक्झॅलेट होऊन स्फटिकांवर पांढरी भुकटी बसते. नमुना आधी साबणाने धुऊन, साध्या पाण्यात तासभर भिजवून मग यात सोडा, म्हणजे भेगांत आधी पाणी शिरतं आणि ॲसिड कमी. दोन ते पाच दिवस लागतात. रोज बघा. पाणी पिवळट-हिरवं होत जातं.

लोक चुकतात ते यापुढे. डाग गेला की नमुना पाच मिनिटं नळाखाली धरून ठेवून देतात, आणि महिन्याभरात भेगांतून पिवळी पूड वर येते. ॲसिडमध्ये जितके दिवस होता किमान तितके दिवस नमुना साध्या डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात राहिला पाहिजे, पाणी रोज बदलून. शेवटच्या दिवशी लिटरला दोन चमचे खायचा सोडा घालून बघा: बुडबुडे आले तर ॲसिड अजून आत आहे, आणखी दोन पाणी बदला. वापरलेल्या द्रावणात चुन्याची निवळी नव्हे, चुनाच थोडा थोडा घालून ते उदासीन करा आणि मगच भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा.

टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड वापरू नका, त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि दगडाच्या पाठीतलं लोह सुटून पिवळा डाग उलट पसरतो. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड कधीच एकत्र आणू नका, क्लोरीन वायू सुटतो.

मीठ, चांदणं, धूप, दूध

शुद्धीकरणाचा भाव ज्याचा त्याचा. दगडाच्या बाजूने सांगायचं तर काही रीती निरुपद्रवी आहेत आणि काही नाहीत.

मिठाचं पाणी गोट्याला वाईट. ते बेसाल्टच्या छिद्रांत आणि भेगांत शिरतं, वाळताना तिथे मिठाचे स्फटिक वाढतात आणि भेग रुंदावतात. चांदी काळवंडते, सोन्याचा मुलामा उतरतो. मीठ वापरायचंच असेल तर परातीत कोरडं खडेमीठ पसरा, मध्ये काचेची वाटी ठेवा आणि खडा वाटीत. मीठ खड्याला लागता कामा नये. पावसाळ्यात हेही टाळा, मिठाला पाणी सुटतं.

पौर्णिमेचं चांदणं पूर्ण सुरक्षित. फक्त सूर्य उगवायच्या आत खडा आत घ्या. सेलेनाइटच्या तबकावर ठेवत असाल तर तेही चालेल, पण तबक धुऊ नका. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, नखाने चरा पडतो आणि पाण्याने त्याची झिलई जाते.

धूप-उदबत्तीच्या धुराने इजा नाही, पण तेलकट थर बसतो, आणि कापराची काजळी खाचांत घट्ट धरते. कापूर खड्याखाली धरू नका. थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी पुरते. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनने चिकटपणा राहतो आणि धूळ आणखी धरते.

शनीसाठी जमुनिया (म्हणजे ॲमेथिस्टच) चांदीत घालताना अंगठी कच्च्या दुधात आणि गंगाजलात बुडवतात. पाच-दहा मिनिटांत काढा आणि लगेच आधी गार पाण्याने धुवा. गरम पाणी आधी घेतलं तर दूध नासल्यासारखं होऊन कोंदणाच्या मागच्या भोकात थिजतं, आणि दोन दिवसांनी वास येतो. पंचामृतात तुपाचा प्रश्न जास्त, ते कोमट साबण-पाण्याने आणि बारीक ब्रशने काढावं लागतं. हळद-कुंकू पॉलिश केलेल्या खड्यावर ठरत नाही, पण गोट्याच्या सच्छिद्र कडेत हळद मुरते. ती उन्हाने उडते खरी, पण त्याच उन्हाने जांभळाही उडतो. तेव्हा हळद गोट्याला लावण्यापेक्षा त्याखालच्या पाटाला लावा.

स्फटिक घालून ठेवलेलं पाणी पिऊ नका. गारगोटी विरघळत नाही, पण त्यावर आधीच्या मालकाने कुठलं ॲसिड, डिंक किंवा रंग लावलाय ते आपल्याला कळत नाही.

अंगठी आणि मणी

रोज वापरातली अंगठी महिन्यातून एकदा, वर सांगितलेल्या साबण-पाण्यात 10 मिनिटं. खड्याची चमक जाते ती वरून नव्हे, मागून: हाताचं क्रीम, कणीक आणि साबण कोंदणाच्या पोटात साठतात आणि आत गेलेला प्रकाश परत फिरत नाही. म्हणून ब्रश मागच्या बाजूने मारा. मग अंगठी कानाजवळ धरून हलकेच हलवा, खुळखुळ आली तर नखी (खडा धरणारा धातूचा आकडा) सैल झाली आहे, घालू नका. चांदी काळी पडली असेल तर चांदीचं पॉलिश कापड फक्त धातूवर फिरवा.

सोनाराकडचं अल्ट्रासॉनिक मशीन साध्या, भेग नसलेल्या ॲमेथिस्टला सहसा चालतं. भेगा भरलेल्या किंवा रंगवलेल्या खड्याला नाही. वाफेची सफाई मात्र कुठल्याच ॲमेथिस्टला नको. आणि अंगठी लहान-मोठी करायची किंवा तुटलेली झाळायची असेल तर सोनाराला स्पष्ट सांगा की आधी खडा काढा. झाळताना ज्योतीने खडा तडकतो, किंवा जांभळा आत जाऊन पिवळट बाहेर येतो.

इलॅस्टिकच्या ब्रेसलेटमध्ये मणी टिकतात, दोरा नाही. घाम आणि साबणाने तो कुजतो. बुडवून ठेवू नका, ओल्या कापडाने पुसा, आणि ओढल्यावर दोरा पांढरट दिसू लागला की लगेच ओवून घ्या.

ठेवताना प्रत्येक नग वेगळ्या मऊ पिशवीत. हिरा, नीलम, माणिक, पुष्कराज हे ॲमेथिस्टला चरे पाडतात, आणि ॲमेथिस्ट मोत्यांना.